गच्चीवरची छत्री आणि फलाट क्रमांक चार

मला कुठलीही टाकाऊ वस्तू द्या, आठ दिवसांत तिचं सोनं करून दाखवतो! हे मी उगाच बोलत नाही. फुटक्या बादलीचा मी दिवा केलेला आहे. तो पेटत नाही हे खरं, पण बादली म्हणून तरी ती कुठे धड होती? त्यामुळे आमच्या गच्चीवरच्या छत्रीचं काय करायचं हा विषय घरात निघाला तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "ते माझ्यावर सोपव!"

"तुमच्यावर सोपवलं म्हणूनच चार वर्षं पडलीय ती," ही म्हणाली.

छत्री म्हणजे पावसातली नव्हे. पूर्वी केबलवाले उपग्रहाकडून कार्यक्रम पकडायला लावायचे ना, ती. बारा फुटी, पांढरीशुभ्र, आणि वजन विचारूच नका. एखाद्या राक्षसाने जेवण उरकून ताट आमच्या गच्चीवर घासायला टाकावं तशी दिसते. हिच्या भावाचा केबलचा धंदा होता. धंदा बुडाला, भाऊ तरला, आणि छत्री आमच्याकडे आली. "भाऊजी, दोनच दिवस ठेवतो," असं म्हणाला होता तो. हल्ली विचारलं तर म्हणतो, "कसली छत्री?"

आता ही घाईला का आली होती, तेही सांगतो. ही पडदे शिवते. नुसते शिवत नाही, कापडही स्वतः रंगवते. रंगवलेलं कापड वाळवायला गच्ची लागते आणि अर्धी गच्ची छत्रीने अडवलेली. त्यातच हिला एका शाळेच्या सभागृहाचे पडदे करायचं मोठं काम मिळालं. एकेक पडदा असा लांब, की एक टोक दोरीवर घातलं तर दुसरं जिन्यातून खाली उतरणार! तेव्हा हिने निकाल दिला.

"पुढच्या रविवारी भंगारवाला येतोय. तोपर्यंत तिचा काही खरा उपयोग दाखवलात तर राहील. नाहीतर तुकडे करून नेईल तो."

"खरा म्हणजे?"

"जो मला दिसेल तो!"

वाचकहो, तुम्ही म्हणाल, एवढा जीव का छत्रीवर? तर त्याचं असं आहे. मी बसस्थानकावर उद्घोषक होतो. उभा जन्म माइकसमोर गेला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" असं मी म्हटलं की भरल्या स्थानकात रडणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. मला सगळे भोंगा म्हणायचे, आणि प्रेमाने म्हणायचे बरं का! मग मी निवृत्त झालो आणि माझ्या खुर्चीवर एक यंत्र बसवलं. त्या यंत्रात एक बाई बोलते. तिला मी यंत्रबाई म्हणतो. आवाज गोड, पण त्यात जीव नाही. तेव्हापासून मी आणि ती छत्री एका जातीचे. दोघंही धडधाकट, दोघांनाही काम नाही. तिला भंगारात घातलं तर उद्या माझीही पाळी येईल, असं मला आपलं वाटायचं.

तर मी कामाला लागलो.

पहिला उपयोग सूर्यचूल! छत्रीला आतून चकचकीत कागद चिकटवला आणि मधोमध, जिथे सगळं ऊन गोळा होतं, तिथे चहाचं पातेलं टांगलं. आणि काय सांगू, बघता बघता पाण्याला उकळी फुटली! मी धावत खाली गेलो, हिला हाताला धरून वर आणली, "बघ! गॅस नाही, काडी नाही!" पण मधल्या वेळात सूर्य थोडा सरकला होता. हे सूर्याचं नेहमीचंच आहे, पण माझ्या ध्यानात राहिलं नाही. उन्हाचा झोत पातेल्यावरून सरकून दोरीवरच्या केशरी पडद्यावर गेला होता, आणि पडद्याला बशीएवढं गोल भोक पडलं होतं. कडेने धूर निघत होता.

ही त्या भोकातून माझ्याकडे बघत राहिली. मग एक बोट वर करून म्हणाली, "एक झाला."

दुसरा उपयोग कमळतळं! छत्री आडवी केली, कागद खरवडून काढला, पाणी भरलं. कमळ यायच्या आधी कावळे आले. एक आला, त्याने इतरांना सांगितलं, त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. सगळ्या गावचे कावळे आमच्या गच्चीवर आंघोळीला! आणि पाण्याला बोल्टांच्या भोकांमधून वाट सापडली ती थेट आमच्या स्वयंपाकघरात. ही पोळपाटासमोर छत्री उघडून उभी राहिली. ती मात्र पावसातलीच होती.

"दोन झाले," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या उपयोगाची कल्पना मला त्या पडद्याच्या भोकावरूनच सुचली. दुरून आलेलं ऊन जर एका जागी जमा होतं, तर दुरून आलेला आवाज का होणार नाही? आमच्या घरासमोर मोठं मोकळं मैदान आहे. मैदानापलीकडे बसस्थानक, आणि स्थानकाच्या मागे एक जुनं दांडगं झाड. संध्याकाळी त्यावर शेकडो पक्षी उतरतात. आपण पक्ष्यांचे आवाज ऐकायचे! निवृत्त माणसाला शोभेल असा छंद!

मी हिच्या भावाला बोलावलं. दोघांनी मिळून छत्री उभी केली आणि तोंड बरोबर झाडाकडे वळवलं. मधल्या दांड्यांवर उपग्रहाचे संकेत पकडणारा लोखंडी डबा होता, तो काढून टाकला आणि त्याच जागी डोकं येईल अशी उंच खुर्ची ठेवली. मी छत्रीकडे तोंड करून, झाडाकडे पाठ करून बसलो. कान टवकारले.

आणि झाड माझ्या कानात येऊन बसलं! खरंच सांगतो, पंख झटकलेले ऐकू येत होते. पिल्लं कुरकुरत होती. दोन पक्ष्यांचं फांदीवरून भांडण चाललं होतं. मला इतका आनंद झाला की मी हिला हाका मारमारून घसा कोरडा केला. ती आली नाही. तिचे हात रंगात होते.

तेवढ्यात कानाशी दुसराच आवाज आला. "धरणाकडे जाणारी बस फलाट क्रमांक तीनवर येत आहे."

यंत्रबाई! झाडाच्या पुढ्यातच फलाट आहेत, त्यामुळे तीही आयतीच माझ्या कानात उतरली.

आता तुम्हाला एक गोष्ट ठाऊक नाही. धरणाची गाडी कागदावर तीनला लागते, पण खरी लागते चारला. तीनच्या वळणावर दिव्याचा खांब आहे आणि ती गाडी लांब आहे. ती तिथे वळतच नाही! आमच्या स्थानकातल्या मांजरीलाही हे माहीत होतं. मी रोज चारच सांगायचो. यंत्रबाईला मात्र कागद दिलेला. ती बिचारी रोज शेकडो माणसं तीनवर उभी करणार, मग गाडी चारला लागणार आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची पळापळ होणार!

चुकीची उद्घोषणा कानावर पडली आणि मी गप्प राहिलो, असं जन्मात घडलेलं नाही. हा दोष नाही, धर्म आहे. मी खुर्चीत ताठ बसलो, पोटातून आवाज काढला आणि गरजलो, "चूक! साफ चूक! प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. धरणाकडे जाणारी बस फलाट क्रमांक चारवर येत आहे. चार!"

अहाहा! किती दिवसांनी! अंगावर शहारा आला. नंतर कानात पावलांचा आवाज आला, पुष्कळ पावलांचा, आणि मग धरणाच्या गाडीचा ब्रेक. लोक वेळेवर चारला गेलेले दिसत होते. मी मनात म्हटलं, शहाणे झाले हो प्रवासी!

त्या दिवसापासून माझी संध्याकाळ सोन्याची झाली. चहाचा कप घेऊन छत्रीत जाऊन बसायचं, पक्षी ऐकायचे आणि यंत्रबाईला सुधारायचं. ती "तीन" म्हणाली की मी "चार!" तिचं "बंदराकडे जाणारी बस वेळेवर आहे" असं झालं की मी म्हणायचो, "बाई गं, बंदराची गाडी कधी वेळेवर आलीय का? बसा निवांत, चणे खा!" एकटाच तर होतो. कोण ऐकणार?

आणि एकटा माणूस काय काय बोलतो! चहात ही एकच चमचा साखर घालू देते. तर मी झाडावरच्या पक्ष्यांना सांगायचो, "हिला वाटतं एक चमचा. मी खिशात पुडी ठेवतो! वरून दोन घालतो!" हिच्या गुडघ्याविषयी सांगायचो, की दुखतो पण दवाखान्यात जायचं नाव नाही. कधी कधी ही जिना चढून वर यायची आणि मग आमचं तिथेच जुंपायचं.

"दिवसभर बडबड! कुणाशी बोलताय?"

"पक्ष्यांशी."

"ते उत्तर देतात?"

"तुझ्यापेक्षा गोड देतात."

"मग रविवारनंतर त्यांच्याकडेच राहायला जा. झाडावर!"

"अगं, पण हा उपयोगच आहे ना! पक्षीनिरीक्षण!"

"मला कुठे दिसतोय? मला फक्त एक माणूस ताटात बसलेला दिसतोय."

असा शनिवार उजाडला. उद्या भंगारवाला! हिने दुपारीच पिशवी भरली. धरणाजवळ हिची बहीण राहते, तिच्याकडे एक रात्र जाऊन सकाळी परत यायचं होतं. "मी परत येईपर्यंत छत्रीशी काय बोलायचं ते बोलून घ्या," असं म्हणून ही निघाली. मी पडक्या चेहऱ्याने दार लावलं. थोड्या वेळाने घंटा वाजली.

दार उघडलं तर समोर आमच्या स्थानकाचा कँटीनवाला. मागे वॉचमन. दोघांच्या माना खाली, आणि कँटीनवाल्याच्या हातात पांढरी फुलं.

"वहिनी," तो जमिनीकडे बघत घोगऱ्या आवाजात म्हणाला, "फार वाईट झालं. इतकी वर्षं एकत्र काढली. कळवलं असतं तर खांदा द्यायला आलो असतो."

"कोण गेलं?" मी घाबरून विचारलं.

"आमचा भोंगा हो! स्वभावाने जरा..." इथे त्याने मान वर केली. फुलं खाली पडली. वॉचमन तीन पायऱ्या उतरून कठड्याला चिकटला.

"तुम्ही... आहात?"

"जरा म्हणजे काय? वाक्य पुरं कर आधी!"

"तुम्ही आहात, तर मग चार नंबरला कोण बोलतं?"

त्याला आत घेतलं, पाणी दिलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. चार नंबरच्या फलाटावर, त्या शेवटच्या बाकाशी, हल्ली रोज संध्याकाळी हवेतून आवाज येत होता. आधी सगळ्यांना वाटलं, स्पीकर. आगारप्रमुखांनी चारच्या स्पीकरची तार कापून टाकली. तरी आवाज चालूच! बाकापासून चार पावलं बाजूला झालं की काही नाही. बाकावरचे ऐकायचे आणि तीनवरच्यांना हाका मारून बोलवायचे. आगारप्रमुख आपल्या खोलीत बसतात, त्यांना काहीच ऐकू येईना. त्यांना वाटलं, सगळ्या प्रवाशांना एकदम भ्रम झालाय.

"पण मी आवाज ओळखला," कँटीनवाला म्हणाला. "म्हटलं, हा आपला भोंगाच! माणूस गेला, पण ड्यूटी सोडली नाही."

मला गहिवरूनच आलं हो! मेल्यानंतरची स्तुती जिवंतपणी ऐकायला कुणाला मिळते?

"गर्दी मावत नाही बाकावर," वॉचमन लांबूनच म्हणाला. "गाडी गेली तरी लोक उठत नाहीत. म्हणतात, आता वहिनी वर येतील."

"वहिनी?"

"भांडण होतं ना तुमचं रोज. ते ऐकतात. आम्हाला वाटलं, मेल्यावरही वहिनींना सोडत नाही."

माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तोही पडद्यावर पडला तसाच, जाळ काढत. तिकडून आलेला आवाज जर माझ्या खुर्चीपाशी जमा होत होता, तर खुर्चीपाशी काढलेला आवाज त्याच वाटेने तिकडे जात होता! मी इतके दिवस कान लावून बसलो होतो तो माइकला! आणि ही आत्ता कुठे गेली होती? धरणाच्या गाडीला. म्हणजे चार नंबरला. बाकावर!

मी जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढत गच्चीवर पोचलो आणि खुर्चीत पडलो. श्वास रोखून ऐकू लागलो. आणि ऐकलं ते असं.

"...मग गुडघा कसा आहे आता?" एका आजींचा आवाज.

"माझा गुडघा?" हिचा आवाज. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या आवाजावरनं ओळखलं मी. पडद्यांचं काम करता ना? भोक पडलं ते कापड वाया गेलं का हो?"

"अहो, पण..."

"आणि त्यांच्या साखरेकडे लक्ष द्या बाई. खिशात पुडी असते. एक तुमचा, वरून दोन त्यांचे. म्हणजे तीन."

यापुढे गप्प बसणं शक्य नव्हतं. जन्मभराची सवय! माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो आजी, थांबा!"

तिकडे बाक एकदम करकरला. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "आले, आले, भोंगा आले."

"अहो?" हिचा आवाज आला. "कुठे आहात?"

"गच्चीवर," मी बारीक आवाजात म्हणालो. बारीक म्हटला तरी तो उद्घोषकाचाच!

"छत्रीत?"

"हो."

"म्हणजे रोजचं सगळं इथे..."

"मला आत्ताच कळलं गं! शपथेवर सांगतो!"

"ते राहू दे. पुडी खरी?"

आता मी जणू सगळ्या स्थानकासमोर उभा होतो. समोर कितीतरी कान. खोटं बोललो असतो तर आजी होत्याच.

"खरी," मी म्हणालो. "पण चमचे लहान असतात."

हसण्याचा असा फवारा उडाला की झाडावरचे पक्षी उडाले. तेही मला ऐकू आलं. हिचं मात्र हसू ऐकू आलं नाही. वाटलं, छत्री गेली, साखर गेली, आता उरलेली अब्रूही गेली. तेवढ्यात आजीच म्हणाल्या, "रागावू नका हो बाई. परवा काय म्हणत होते माहितेय? म्हणाले, निवृत्त होऊन एकच सुख लागलं, दुपारी हिच्या शिलाई मशीनचा आवाज ऐकत पडून राहायचं. तो थांबला की घर रिकामं वाटतं. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

"होय होय," पाच-सहा जण म्हणाले.

हे मी म्हणालो होतो. पक्ष्यांना म्हणालो होतो. हिला कधी म्हणालो नव्हतो, कारण हिला काय, माहीत असेलच असं वाटायचं. मी छत्रीकडे बघत बसून राहिलो आणि माझे कान तापले. पलीकडून हिच्या पिशवीची चेन उघडल्या-लावल्याचा आवाज येत राहिला.

"जिना सावकाश चढत जा, गुडघा जपा," शेवटी ती म्हणाली, आणि लगेच सावरून, "माझा नाही, तुमचा! धाप ऐकू येतेय, धावत आलात ना वर?"

तेवढ्यात यंत्रबाई गोड आवाजात म्हणाली, "धरणाकडे जाणारी बस फलाट क्रमांक तीनवर येत आहे."

"चार!" मी ओरडलो.

"चार!" ही ओरडली. एकाच क्षणी! लग्नानंतर आमचं इतकं एकमत पहिल्यांदाच झालं असावं.

मग मात्र हिने सगळं हातात घेतलं. मला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. "ए, ढकलताय काय? गाडी पळून जाणार आहे का? आजींना आधी चढू द्या. कडेवर मूल आहे त्या बाईला पुढे घ्या. अहो चष्मेवाले, पिशवी सीटवर नाही, मांडीवर! हां. आता बाकीचे, एकेक करून." काही गडबड नाही, गोंधळ नाही. दार लागल्याचा आवाज आला आणि गाडी निघाली. निघाली तीही वेळेवर! मी इतकी वर्षं माइकवर घसा फोडला, पण असं दृश्य मला कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

रविवार उजाडला. ही सकाळच्या गाडीने परत आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मी छत्रीविषयी तोंड उघडणार, तोच जिन्यावर पावलं वाजली आणि भंगारवाला घण घेऊन हजर झाला. त्याच्या मागोमाग, डोक्यावरून रुमाल फिरवत, खुद्द आगारप्रमुख!

"ही ती छत्री?" त्यांनी दरडावून विचारलं. "विनापरवाना उद्घोषणा! कल्पना आहे का तुम्हाला, माझ्यावर काय वेळ आली? मी चारच्या स्पीकरची तार स्वतः कापली. स्वतः! तरी लोक म्हणतात, आवाज येतोच! घरी गेल्यावर बायकोने मला झोपायचा सल्ला दिला!"

"साहेब, चूक झाली," मी म्हणालो. "आजच तुकडे होतायत तिचे."

भंगारवाल्याने घण उचलला.

"थांबवा त्याला!" आगारप्रमुख ओरडले. मग जरा खाकरले. मग खिशातून पेन काढून परत ठेवलं. "म्हणजे असं आहे... काल धरणाची गाडी वेळेवर सुटली. मी या आगारात आल्यापासून पहिल्यांदाच. आणि आज सकाळपासून प्रवासी माझ्या खोलीत येऊन विचारतायत की संध्याकाळी आवाज आहे ना? यंत्रातला तीनचा चार करायला वरून मंजुरी लागते. ती कधी येईल सांगता येत नाही. तोपर्यंत, अगदी अनौपचारिकपणे, संध्याकाळची तेवढी धरणाची गाडी जर इथून..."

मी डोळे मिटले. देवा, शेवटी माझी कदर झाली! यंत्र ते यंत्र, आणि माणूस तो माणूस! मी शर्टाची कॉलर ठीक केली, घसा साफ केला आणि पोटातून आवाज काढला, "साहेब, हा आवाज आपल्या सेवेत हजर..."

"तुमचा नाही," आगारप्रमुख म्हणाले. "वहिनींचा."

वाचकहो, त्या क्षणी छत्रीत डोकं खुपसून बसावंसं वाटलं. पण तेही सगळ्या फलाटाने ऐकलं असतं.

"माझा?" ही म्हणाली.

"तुम्ही बोललात की लोक ऐकतात. हे बोलले की लोक हसतात. हसण्यात वेळ जातो."

हिने छत्रीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला. हिने पदर खोचला की समजावं, समोरच्याचं काही खरं नाही.

"मी घरूनच बोलणार. हातात शिवण असेल. आणि छत्रीने माझी गच्ची अडते, तर तुमच्या स्थानकामागे ती लांब शेड रिकामी पडलीय ना, तिथे माझे पडदे वाळतील."

"शेड? अहो, नियमात ते..."

"गाडी तीनला लागते का चारला?"

"चारला."

"नियमात?"

"तीनला."

"मग शेडचं तेवढं बघा," ही म्हणाली. आगारप्रमुखांनी बघतो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी खरंच बघितलंही.

"आणि माझी फेरी?" भंगारवाला घणावर हनुवटी टेकवून म्हणाला. "रिकाम्या हाताने जाऊ?"

हिने त्याला माझा बादलीचा दिवा दिला. मी विरोध केला नाही. एका दिवसात सगळं वाचवता येत नाही.

तर असं सगळं मार्गी लागलं. सभागृहाचे पडदे त्या शेडमध्ये एका ओळीत मस्त वाळले आणि वेळेवर शाळेत गेले. संध्याकाळी ही उंच खुर्चीत बसते, हातात काठ दुमडायचं कापड. यंत्रबाई "तीन" म्हणाली की ही मान वरसुद्धा न करता "चार" म्हणते. एकच शब्द, ओरडणं नाही. आणि तिकडे रांग लागते! मधल्या वेळात आजी आणि ही गप्पा मारतात. माझी तक्रार नाही. मी कठड्याशी उभा राहून पक्षी बघतो, मावळतीचं ऊन बघतो आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटतं. छत्री वाचली, आणि तिच्याबरोबर मीही.

मला कामही दिलेलं आहे. चहा करायचा आणि वर आणायचा. कालचीच गोष्ट. दोन कप घेऊन मी जिना चढलो आणि शेवटच्या पायरीवर अगदीच राहवेना, म्हणून पूर्वीच्याच थाटात गरजलो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! स्वयंपाकघरातून येणारा चहा गच्चीच्या फलाटावर येत आहे!"

हिने वळूनही पाहिलं नाही. "साखर किती?"

"एक चमचा!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

ही छत्रीकडे कान करून थोडा वेळ ऐकत राहिली. मग माझ्याकडे हात पसरला.

"आजी म्हणतायत, आधी खिसा दाखवा."